नोलीनच्या वाट्याची शेवरोले

मार्चमधल्या त्या शनिवारी नोलीन गिलँडर्स सकाळपासून तिसऱ्यांदा वेस्टनचा चढ चढत होती. शेजारच्या सीटवर मोजपट्टी पडली होती आणि एकाहत्तर वर्षांची ही बाई त्या मोजपट्टीशीच भांडत होती.

"आतल्या कडेपासून की बाहेरच्या, म्हणे! माझ्या डोक्याला भोक पडलंय, ते मोज आधी!"

झालं होतं असं. तिच्या पाठचा भाऊ लिंडसे खाली ओमारूच्या बंदराजवळ राहायचा आणि शेंडेफळ नेव्हिल वर वेस्टनला. मध्ये गाडीने दहा मिनिटांचं अंतर. पण दोघं एकमेकांशी शेवटचं बोलले त्याला एकोणीस वर्षं झाली होती. लिंडसेकडे एका १९३४च्या शेवरोले गाडीची वरची बॉडी होती. त्याच गाडीचा खालचा सांगाडा, इंजिन आणि चाकं नेव्हिलकडे. बॉडीच्या तळाची लाकडी तुळई लिंडसेने नवी घडवली होती, आणि तिला भोकं पाडायची तर सांगाड्यावरच्या भोकांमधलं अंतर हवं होतं. म्हणून नऊ वाजता नोलीनला फोन.

पहिल्या खेपेला ती नेव्हिलने सांगितलेलं अंतर कागदावर लिहून घेऊन आली. लिंडसेने कागद पाहिला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "हे भोकाच्या आतल्या कडेपासून की बाहेरच्या?"

ती परत वर गेली. नेव्हिल सांगाड्याखाली उताणा पडला होता. तो तिथूनच ओरडला, "त्याला सांग, मध्यापासून मध्यापर्यंत मोजतात! शेंबड्या पोरालाही कळतं!"

हा निरोप, शेंबडं पोर वगळून, तिने खाली पोचवला. लिंडसे म्हणाला, "ते मलाही ठाऊक आहे. पण त्याने मोजलं की तू?"

म्हणून मोजपट्टी घेऊन ही तिसरी खेप.

नोलीनला हट्टी माणसं नवीन नव्हती. चाळीस वर्षं ती शाळांमधून पोरांचे दात बघणारी नर्स होती. तोंड घट्ट मिटून बसलेली, बोट चावणारी, खुर्चीवरून उडी मारून मैदानात पळणारी सगळी पोरं तिने हाताळली होती. पण त्या पोरांचा एक गुण होता. ती मोठी व्हायची.

वडील, ॲलेक गिलँडर्स, त्र्याऐंशीव्या वर्षी गेले तेव्हा ही गाडी शेडमध्ये उघडी पडली होती. म्हातारपणी त्यांनी आणि दोन्ही मुलांनी मिळून ती नव्याने करायला घेतली होती. बॉडी उचलून लाकडी घोड्यांवर ठेवली होती, सांगाडा घासून साफ केला होता. काम छान वाटून घेतलं होतं. लिंडसे सुतार, त्यामुळे लाकूड त्याचं. नेव्हिल मांसाच्या कारखान्यात फिटर, त्यामुळे लोखंड त्याचं. मृत्युपत्रात एकच ओळ होती: गाडी माझ्या तिन्ही मुलांची.

दफनानंतर चौथ्या दिवशी रंगाचा विषय निघाला.

लिंडसे म्हणाला, गाडी कारखान्यातून निघाली तशीच व्हायला हवी. गडद निळी, मडगार्ड काळे. लहानपणी त्याने ती निळीच पाहिली होती. नेव्हिल म्हणाला, त्याच्या बापाची गाडी हिरवी होती. बोलिंग क्लबची बाकं रंगवून उरलेला हिरवा रंग बापाने ब्रशने लावला होता आणि पुढची चाळीसेक वर्षं गाडी हिरवीच फिरली होती. लिंडसे म्हणाला, बाकांचा रंग गाडीला लावणं हा काही आदर्श नव्हे. नेव्हिल म्हणाला, बापाबद्दल तोंड सांभाळून बोल. पुढे कोण काय म्हणालं ते नोलीनला आठवायचं नव्हतं. त्याच संध्याकाळी एक ट्रेलर बॉडी घेऊन बंदराकडे गेला, दुसरा सांगाडा घेऊन वेस्टनला. शेडच्या जमिनीवर मागची सीट, नंबरप्लेटी आणि दारांच्या मुठींचा डबा राहिला. ते सगळं नोलीनने उचलून घरी नेलं, कारण शेड विकायची होती आणि दुसरं कुणी उचलणार नव्हतं.

तेव्हापासून नाताळचं जेवण तिच्याकडे दोनदा व्हायचं. दुपारी लिंडसे आणि त्याची बायको रेविन, संध्याकाळी नेव्हिल. डुकराच्या मांडीचे दोन तुकडे, अंड्याच्या फेसाच्या दोन गोड पाव्हलोव्हा, आणि मधल्या तीन तासांत भांडी. शिवाय निरोप. "त्याला सांग, पुढच्या काचेची चौकट माझी आहे." "त्याला सांग, तिचे स्क्रू माझे आहेत." एका वर्षी चौकट एकाकडे आणि स्क्रू दुसऱ्याकडे अशी स्थिती सात महिने होती, आणि सात महिने नोलीनला झोपेतसुद्धा स्क्रू दिसायचे.

तर त्या शनिवारी, तिसऱ्या खेपेला, नेव्हिलच्या दारात तिने गाडी थांबवली. मोजपट्टी हातात घेतली. मग ती तशीच बसून राहिली. आत नेव्हिल शीळ घालत होता. ती शीळ ऐकून तिचं डोकंच फिरलं. ती उतरली आणि सरळ त्याच्या बुटांपाशी जाऊन उभी राहिली.

"बाहेर ये."

"एक नट फक्त..."

"नेव्हिल, बाहेर ये."

तो घरंगळत बाहेर आला. तोंडाला ग्रीस.

"पुढच्या शनिवारी सकाळी दहाला हा सांगाडा माझ्या गॅरेजात हवाय," नोलीन म्हणाली.

"तुझ्या? कशाला?"

"कारण या गाडीचा तिसरा हिस्सा माझा आहे. एकोणीस वर्षांत तुमच्यापैकी कुणाला तो एकदा तरी आठवला का? नोव्हेंबरात जुन्या गाड्यांच्या क्लबाची साठाव्या वर्षाची रॅली आहे. क्लबाच्या ॲथोलने मला तीनदा विचारलं, तुमच्या बाबांनी क्लब काढला, त्यांची गाडी येणार की नाही. मी तीनदा खोटं बोलले. आता बोलणार नाही."

"आणि नाही आणला तर?"

"तर मला फोन करायचा नाही. नाताळला यायचं नाही. मी मेले की पेपरात वाचा."

हेच ती खाली जाऊन लिंडसेला बोलली, सांगाड्याच्या जागी बॉडी, बाकी शब्दाला शब्द. लिंडसेने रंध्याची पाती पुसत विचारलं, "पण अंतर किती आलं?"

"लिंडसे!"

"बरं, बरं. आणतो."

दोघांनाही दहा सांगितलं होतं आणि दोघंही पावणेदहाला आले, कारण दोघांनाही आधी पोचायचं होतं. नोलीनचं घर अरुंद गल्लीत होतं. एका बाजूने एक ट्रेलर, दुसऱ्या बाजूने दुसरा, आणि मध्ये नोलीन ॲप्रन लावून. शेजारच्या खिडकीचा पडदा हलला.

"नोल, त्याला सांग, ट्रेलर मागे घे," लिंडसे म्हणाला. नेव्हिल आठ फुटांवर उभा होता.

"नोल, त्याला सांग, सांगाडा आधी आत जातो. बॉडी काय हवेत ठेवणार आहे?"

"नोल, त्याला म्हणावं..."

नोलीन दोन्ही कानांत यंत्रं लावायची. तिने आधी डाव्या कानातलं काढलं, मग उजव्या कानातलं. दोन्ही ॲप्रनच्या खिशात टाकली आणि गॅरेजच्या पायरीवर जाऊन बसली. जग एकदम मऊ झालं. दोन्ही भावांची तोंडं तिच्याकडे बघून हलत होती. तिने हातानेच सांगितलं, ऐकू येत नाही. मग ती तोंडं तिच्याकडे बघून हलायची थांबली. शेवटी लिंडसेने ट्रेलर मागे घेतला, आणि नेव्हिल सांगाडा आत ढकलायला लागला तेव्हा लिंडसेचे ओठ हलले. छोटासा शब्द होता. नेव्हिलने मान वर करून काहीतरी विचारलं.

हे पहिलं बोलणं तिला नंतर रेविनकडून कळलं. लिंडसे म्हणाला होता, "डावीकडे." आणि नेव्हिल म्हणाला होता, "कुणाच्या डावीकडे?"

त्या दिवसापासून मंगळवार आणि शनिवार दोघं येऊ लागले. नोलीनला वाटलं होतं, आता सुटले. कसचं काय! आधी भांडण टेलिफोनवर असायचं, ते आता तिच्या स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे आलं. सांगाडा आणि बॉडी यांच्यामध्ये रबराच्या गाद्या बसतात. त्या किती जाडीच्या, यावर तीन आठवडे गेले. नेव्हिल म्हणे पाव इंच. लिंडसे म्हणे, त्याच्या लाकडाला पाव इंच चालणार नाही. दोघांनी चहाच्या वेळी बिस्किटं एकावर एक रचून आपापला मुद्दा सिद्ध केला आणि सगळी बिस्किटं चुरली. बॉडी चेनकप्पीला टांगून खाली सोडली त्या दिवशी मागचा डावा कोपरा अर्धा इंच वर राहिला. लिंडसे म्हणाला सांगाडा वाकडा आहे. नेव्हिल म्हणाला तुळई वाकडी आहे. नोलीन भरले हात तसेच घेऊन बाहेर आली, वाकून पाहिलं, आणि त्या कोपऱ्यातून स्वतःचा बागेचा हातमोजा ओढून काढला. बॉडी बसली. आभार कुणी मानले नाहीत.

"हातमोजा इथे ठेवला कुणी?" नेव्हिलने मात्र विचारलं.

जूनमध्ये, तिथल्या हिवाळ्यातल्या गारठ्याच्या एका शनिवारी, डॅशबोर्डाच्या मागे एक नट पडला. नेव्हिलचा हात आत जाईना. लिंडसेचा अंगठा संधिवाताने सुजलेला. ते दोघं पर्याय काढत बसले: डॅशबोर्ड खोलायचा की लोहचुंबक दोरीला बांधायचं. नोलीनने अंगावर जुना कोट चढवला, कपाटातून दातांचा छोटा गोल आरसा आणला आणि दोघांना चहा प्यायला आत हाकललं.

ती सीटच्या जागी आडवी झाली. बॅटरी दातांत धरून तिने आरसा आत सरकवला. नट लगेच दिसला. पण त्याच्या पलीकडे, पत्र्यावर, आणखी काही दिसलं. सगळा पत्रा प्रायमरने करडा होता आणि त्यात तळहाताएवढा एक चौकोन तसाच सोडला होता. त्याच्या कडा सरळ होत्या, पट्टी लावून राखलेल्या. वरून पारदर्शक वॉर्निश. आतला रंग निळा नव्हता आणि हिरवाही नव्हता. फिकट तपकिरी होता. चौकोनाखाली सुताराच्या पेन्सिलीने, लिंडसेच्या त्या चापूनचोपून अक्षरात लिहिलं होतं: मूळ रंग. ११ मे २००७.

नोलीन तशीच पडून राहिली. सतरा वर्षं. या माणसाला सतरा वर्षं ठाऊक होतं की कारखान्यातून गाडी निळी निघालीच नव्हती, कुणातरी आधीच्या मालकाने ती निळी केली होती. आणि तरी सतरा नाताळ तिने दोन-दोन पाव्हलोव्हा फेटल्या होत्या.

नट तिने कोटाच्या खिशात टाकला, आत गेली आणि म्हणाली, "नेव्हिल, तू घरी जा. लिंडसे, तू थांब."

नेव्हिल गेला. लिंडसेने तिच्या हातातला आरसा पाहिला आणि कप खाली ठेवला.

"घासून टाकायला हात होईना," तो म्हणाला. "आणि सांगायला तोंड होईना."

"सतरा वर्षं, लिंडसे?"

"पहिल्या वर्षी सांगणार होतो. मग वाटलं, नाताळनंतर सांगू. मग जितका उशीर झाला तितकं अवघड झालं."

"मी तुमचे निरोप घेऊन ऊन म्हटलं नाही, वारा म्हटला नाही, तो चढ चढले. एकदा तर पाय मुरगळलेला होता!"

"ठाऊक आहे."

"ठाऊक आहे म्हणतोस वर!"

तो खाली मान घालून बसला. मग हळूच म्हणाला, "नोल, तू सांगशील त्याला?"

नोलीनने हातातला आरसा टेबलावर इतक्या जोरात ठेवला की त्याची दांडी वाकली. "मी? माझं टपालखातं बंद झालंय. तूच सांगायचं, तोंडाने."

"हसेल तो."

"हसू दे. तेवढा हक्क आहे त्याला."

मंगळवारी लिंडसेने सांगितलं. नोलीन खिडकीआडून ऐकत होती, दोन्ही यंत्रं कानात घट्ट बसवून. नेव्हिल हसला नाही. त्याने पाना खाली ठेवला, बाहेर जाऊन कपडे वाळत घालायच्या दोरीपाशी पाठ करून उभा राहिला. पाच मिनिटांनी परत आला आणि म्हणाला, "दाखव." वाकड्या दांडीचा आरसा घेऊन तो आडवा झाला. आतून आवाज आला, "हा तर दूध जास्त झालेल्या चहाचा रंग."

"हो," लिंडसे म्हणाला. "मी चुकलो. हिरवा लावू. तुझंच खरं."

"माझं खरं म्हणजे काय? मला नकोय तुझी भीक."

"भीक कसली?"

"अस्सल रंग सापडलाय तर अस्सलच लावायचा. बाबा असते तर तेच म्हणाले असते."

"बाबांनी स्वतः हिरवा लावला होता, नेव्हिल!"

"त्यांना ठाऊक नव्हतं ना!"

खिडकीआड नोलीनने कपाळ ओट्यावर टेकवलं. एकोणीस वर्षं जो हिरव्यासाठी भांडला तो आता तपकिरीसाठी भांडत होता, आणि निळ्यावाला हिरव्यासाठी. हे जुलैभर चाललं, ऑगस्टभर चाललं. रॅली अडीच महिन्यांवर आली आणि गाडी अजून करडी. ॲथोलचे फोन चालू. शेवटी एका शनिवारी ती गॅरेजात गेली आणि दोघांच्या मध्ये उभी राहिली.

"मत द्यायचं राहिलंय माझं," ती म्हणाली. "हिरवा."

"का?" दोघं एकदम.

तिला खरं तर भाषण करायचं नव्हतं. पण ते दोघं थांबले होते, आणि हे दोघं एका वेळी गप्प बसलेत असं तिला फार वेळा बघायला मिळालं नव्हतं.

"कारण रंगवताना फक्त मी पाहिलंय. लिंडसे, तू त्या उन्हाळ्यात डुनेडिनला मावशीकडे होतास. नेव्हिल, तू तीन वर्षांचा, दुपारी झोपला होतास. बाबांनी दुसरा ब्रश माझ्या हातात दिला. वारा इतका होता की अर्धा रंग आईच्या चादरींवर गेला. आई दोन दिवस बोलली नाही. बाबा म्हणाले, नोल, चादरींना बरा दिसतोय. मागचा डावा मडगार्ड मी रंगवला होता. त्यात एक माशी अडकली होती, ती वर्षानुवर्षं तिथेच होती. तुम्ही दोघांनी रंगावरून एकमेकांचा जीव काढला आणि मला कधी विचारलंसुद्धा नाही."

मग लिंडसेने घसा खाकरला.

"आणि तो आतला चौकोन?"

"तो राहू दे तसाच."

"ठीक," नेव्हिल म्हणाला. "हिरवा. पण ब्रशने की फवाऱ्याने?"

"ब्रशने? वेडा आहेस का?" लिंडसे म्हणाला.

नोलीन आपली पर्स घेऊन बाजारात गेली आणि काहीही घ्यायचं नसताना दोन तास हिंडली. फवाऱ्याने रंगवायचं ठरलं. मागचा डावा मडगार्ड मात्र कोरा ठेवून त्यांनी तिच्या हातात ब्रश दिला, आणि ती रंगवत असताना दोघंही मागे उभे राहून, हात कसा चालवावा ते सांगत राहिले.

नोव्हेंबरात रॅली डंट्रूनला गेली. बावीस गाड्या, नदीकाठच्या रस्त्याने, कोकरांनी भरलेल्या कुरणांमधून. नेव्हिलने गाडी नेली, लिंडसे शेजारी बसला, नोलीन मागे. इंजिन एकदाही अडलं नाही. डंट्रूनच्या मैदानावर क्लबाचा सचिव ॲथोल बीटी वही घेऊन आला. जाड भिंगांचा, सत्तरीचा, नियमाचा पक्का माणूस. तो गाडीभोवती दोनदा फिरला, लाकूडकामाला पूर्ण गुण दिले, इंजिनाला पूर्ण दिले, आणि रंगापाशी येऊन थांबला.

"हा रंग कंपनीच्या त्या वर्षीच्या यादीत नाही, लिंडसे. शून्य द्यावं लागेल."

"शून्य?" नेव्हिल पुढे आला. "हा ॲलेक गिलँडर्सचा रंग आहे. त्यांनी तुमचा क्लब काढलाय!"

"यादीत नाही."

"आत ये. डॅशबोर्डाच्या मागे बघ," लिंडसे म्हणाला. "मूळ रंगाचा पुरावा आहे."

"मग तो का नाही लावला?"

यावर दोघं भाऊ एकाच वेळी बोलायला लागले, एकाच बाजूने. ॲथोलचं बोलणं त्यात बुडालं. माणसं जमली. पलीकडे झाडाखाली जेवण मांडलं होतं, चीज रोल गरम गरम ताटांत येत होते आणि संपत होते. एक वाजला, दीड वाजला. नोलीनने दोनदा म्हटलं, चला जेवायला. नेव्हिलने तिच्याकडे न बघता हाताने थांब म्हटलं. नियमावलीचं सातवं पान उघडलं होतं.

नोलीन उठली. झाडाखालून चार चीज रोल कागदात बांधून घेतले. परत येऊन चालकाच्या जागी बसली. पंधराव्या वर्षी याच गाडीवर बाबांनी तिला गाडी शिकवली होती, हे तिच्या पायांना तिच्याआधी आठवलं. इंजिन सुरू झालं तेव्हा लिंडसेने वळून पाहिलं.

"नोल? नोल, कुठे?"

गिअर कुरकुरला आणि बसला. मैदानाच्या फाटकातून शेवरोले बाहेर पडली. पुढच्या वळणावर रस्त्यात मेंढ्यांचा कळप होता. त्याने तिला वीस मिनिटं अडवलं आणि तिने ती वीस मिनिटं कुणाशीही न बोलता खाण्यात घालवली.

संध्याकाळी पाचला ॲथोलच्या गाडीच्या मागच्या सीटवरून दोघं तिच्या दारात उतरले. तोवर तिने शेवरोले गॅरेजात लावली होती, चहा केला होता आणि बूट काढून पाय स्टुलावर ठेवले होते. दार तिने मोज्यांनिशीच उघडलं. ओरडा होईल याची तिची तयारी होती. तिलाही बरंच बोलायचं होतं.

"येताना ड्रायबर्नच्या चढावर काटा कुठवर गेला?" नेव्हिलने विचारलं.

"कसला काटा?"

"तापमानाचा. पाऊणच्या वर गेला का?"

"आणि दार खडखडलं का?" लिंडसेने त्याला कोपराने बाजूला सारून विचारलं. "उजवं. मला जाताना ते जरा..."

"दार नव्हे ते, बिजागरी आहे," नेव्हिल म्हणाला.

"बिजागरी मी स्वतः बसवलीय."

"म्हणूनच."

नोलीनने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. दोघांचीही टकलं उन्हाने लाल झाली होती. मग तिने खुंटीवरची गॅरेजची किल्ली काढून लिंडसेच्या हातात कोंबली आणि दार लावून घेतलं.